घरच्या मेल सर्व्हरवरून मेल उतरायला इतका वेळ का लागत होता: एका केसची पूर्ण तपासणी

एका मित्राच्या घरी छोटा मेल सर्व्हर आहे, घरातली सगळी मशीन त्याच्याच स्विचला लागलेली, आणि तरी चार ओळींची मेल उघडायला दहा-पंधरा सेकंद जात होते, अटॅचमेंट असेल तर विचारूच नका. त्याच्यासोबत बसून हे मुळापर्यंत शोधलं. सगळं सविस्तर लिहितोय कारण यात सापडलेली कारणं कुणाच्याही घरी असू शकतात, आणि बहुतेक लोक अशा वेळी पहिल्यांदा नेटचा प्लॅन वाढवतात, ज्याचा या प्रॉब्लेमशी काही संबंधच नसतो.

आधी सेटअप सांगतो. जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स, त्यावर कुरियर नावाचा मेल सर्व्हर, त्याचा आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवून वाचायची पद्धत) आणि त्याचाच पॉप३ (मेल आपल्या मशीनवर उतरवून घ्यायची पद्धत), मेल मेलडिर फॉरमॅटमध्ये म्हणजे प्रत्येक मेलची वेगळी फाइल. बाहेरच्या दोन-तीन अकाउंटवरची मेल फेचमेल दर काही मिनिटांनी ओढून आणतं आणि प्रत्येकाच्या फोल्डरात टाकतं. घरातले लोक ती सर्व्हरवरून वाचतात: एक लॅपटॉप थंडरबर्डवर, केबलने जोडलेला, एक फोन वायफायवर, आणि एक डेस्कटॉप जो अजून पॉप३ वापरतो. सर्व्हर वर्षानुवर्षं चालू आहे, मध्ये हार्डवेअर बदललं, राऊटर बदलला, स्विच बदलला, पण कॉन्फिग फाइल जुन्याच कॉपी होत आल्या. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे सगळं यातूनच निघणार आहे.

मित्राचा पहिला प्रश्न अपेक्षित होता, "अरे वायफायचा रेंजचा लोचा असेल का, की सरळ मशीनच बदलू?" मी म्हटलं थांब, आधी हळू म्हणजे नक्की कुठे हळू ते बघू. कारण हळू दोन प्रकारचं असतं. एक म्हणजे सुरू व्हायलाच वेळ लागतो, पण एकदा सुरू झालं की भराभर येतं. दुसरं म्हणजे लगेच सुरू होतं पण थेंब थेंब येतं. पहिल्यात कुणीतरी कुणाच्या तरी उत्तराची वाट बघत बसलेला असतो, दुसऱ्यात रस्ता खराब असतो. दोन्हीची औषधं पूर्ण वेगळी आहेत आणि स्क्रीनवर मात्र दोन्ही सारखीच दिसतात, तेच ते गोल फिरणारं चक्र.

ओळखायची सोपी युक्ती आहे. एक अगदी छोटी मेल घ्यायची, एक मोठी अटॅचमेंटवाली घ्यायची आणि दोन्हींना किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघायचं, क्लायंट म्हणजे मेल वाचायचा प्रोग्रॅम प्रत्येक वेळी बंद करून परत उघडायचा म्हणजे कनेक्शन नवीन होतं. छोट्या मेललाही मोठ्याइतकाच वेळ गेला तर रस्त्याचा दोष नाही, वाट बघण्याचा आहे. मोठीला आकाराच्या हिशोबात जास्त वेळ गेला तर रस्ता. इथे काय झालं तर छोट्या मेललाही भरपूर वेळ, आणि मोठीला त्याच्या कितीतरी पट. म्हणजे दोन्ही रोग एकत्र होते. म्हणूनच मित्राने आधी जे काही करून बघितलं होतं त्याचा फरक कळला नव्हता, एक दुरुस्त झालं असतं तरी दुसरं तसंच राहून "काही उपयोग नाही" असंच वाटलं असतं.

अजून एक गोष्ट त्याच मोजणीत दिसली जी मला फार महत्त्वाची वाटली. फोनवर सुरुवातीचं थांबणं पाच सेकंदांच्या आसपास होतं, दर वेळी तेवढंच. लॅपटॉपवर मात्र त्याहून बरंच जास्त, आणि लॅपटॉप केबलवर आहे, फोन वायफायवर! वायफायवरचा फोन केबलवरच्या लॅपटॉपपेक्षा लवकर जोडला जात असेल तर वायफायवरचा संशय तिथेच संपला. आणि दर वेळी ठराविक पाच सेकंद हे तर बोलकंच होतं. गर्दीमुळे, स्लो डिस्कमुळे किंवा कमकुवत सिग्नलमुळे होणारा उशीर कमी-जास्त होत राहतो, कधी दोन, कधी नऊ. उशीर दर वेळी अगदी तेवढाच येत असेल तर समजायचं की कुठेतरी टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट बघायची ठरलेली मुदत, पूर्ण संपतोय.

डिस्क आणि सीपीयू पटकन बघून टाकले. टॉप कमांडमध्ये डिस्कसाठी थांबण्याचा आकडा जवळपास शून्य, मेमरी मोकळी, इनबॉक्स फोल्डरातल्या सगळ्या फाइल सर्व्हरवरच वाचून बघितल्या तर सेकंदभरात वाचून झाल्या. मेलडिरमध्ये एकाच फोल्डरात हजारो फाइल असल्या की काही जुन्या फाइलसिस्टमवर त्रास होतो, पण इथे तसं नव्हतं. डेस्कटॉपवरचा अँटीव्हायरस मेल स्कॅन करतो तोही थोडा वेळ बंद ठेवून बघितला, फरक नाही. तो लगेच परत चालू केला.

मग खरा तपास. लॅपटॉपवरून टेलनेटने (हाताने कनेक्शन उघडायची कमांड) थेट सर्व्हरच्या १४३ पोर्टवर म्हणजे आयमॅपच्या दारावर गेलो, मेल क्लायंट मध्ये न ठेवता. आयमॅपमध्ये सर्व्हर आधी बोलतो, कनेक्ट झाल्या झाल्या तो स्वतःहून ओके म्हणून एक ओळ पाठवतो. इथे कनेक्टेड लगेच आलं, अगदी क्षणात, आणि मग शांतता. बऱ्याच वेळाने ओकेची ओळ. या एवढ्याशा गोष्टीत खूप माहिती आहे. कनेक्शन स्वीकारण्याचं काम ऑपरेटिंग सिस्टमचा कर्नल करतो, ते लगेच झालं म्हणजे नेटवर्कवरून पॅकेट जातंय-येतंय, फायरवॉल अडवत नाहीये. ओके म्हणण्याचं काम मेलच्या प्रोग्रॅमचं, तो अडकलाय. अजून लॉगिनसुद्धा झालेलं नाही, युजरनेम विचारलेलं नाही, म्हणजे पासवर्ड तपासणं, मेलबॉक्स उघडणं, इंडेक्स बिंडेक्स यातलं काही कारण असूच शकत नाही. एका कमांडने निम्मे संशयित बाहेर गेले. ९९३ वर म्हणजे टीएलएसवर (एन्क्रिप्ट केलेल्या कनेक्शनवर) हेच ओपनएसएसएलच्या क्लायंटने बघता येतं, तिथे कनेक्टेड आल्यावर सर्टिफिकेट दिसायला उशीर लागतो आणि लोकांना वाटतं की एन्क्रिप्शनमुळे हळू आहे. इथे तर साध्या १४३ वरही तोच उशीर होता त्यामुळे एन्क्रिप्शनही सुटलं.

यानंतर एक प्रयोग केला जो मी अशा केसमध्ये नेहमी सुचवतो: बाहेरचं नेट काढून टाकायचं. सर्व्हर घरात, लॅपटॉप घरात, आधीच आलेली मेल सर्व्हरच्या डिस्कवर, तिचा बाहेरच्या इंटरनेटशी संबंध काय? काहीच असू नये. राऊटरमध्ये येणारी बाहेरची वायर काढली, आणि थांबणं वाढलं! घरातल्या घरात फिरणारी मेल बाहेरची वायर काढल्यावर आणखी हळू होते याचा अर्थ एकच, मेल द्यायच्या आधी सर्व्हर बाहेर कुणालातरी काहीतरी विचारतोय.

काय विचारतोय ते बघायला सर्व्हरवर येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारा टीसीपीडम्प लावला आणि लॅपटॉपवरून परत कनेक्ट केलं. दोन गोष्टी एकदम स्पष्ट दिसल्या. पहिली, कनेक्शन आल्या आल्या सर्व्हरने ५३ पोर्टवर म्हणजे डीएनएसकडे (नावं आणि पत्ते जुळवून देणाऱ्या सेवेकडे) प्रश्न पाठवला की १९२.१६८.१.२३ या पत्त्याचं नाव काय. याला रिव्हर्स लुकअप म्हणतात, नावावरून पत्ता काढायच्या ऐवजी पत्त्यावरून नाव. प्रश्न गेला १९२.१६८.०.१ ला. आणि घरातला राऊटर आहे १९२.१६८.१.१! मधला आकडा बघा, शून्य आणि एक. जुन्या राऊटरचा पत्ता शून्यवाला होता, तो राऊटर केव्हाच गेला, पण सर्व्हरच्या रिझॉल्व्ह कॉन्फ फाइलमध्ये (डीएनएसचे प्रश्न कुणाला विचारायचे त्याची यादी) पहिला नेमसर्व्हर म्हणून तोच बसलेला. दुसरा नेमसर्व्हर बाहेरचा पब्लिक होता, तो व्यवस्थित उत्तर देत होता, म्हणून तर सगळं "चालत" होतं आणि इतकी वर्षं कुणाला कळलं नाही.

पाच सेकंद कुठून आले तेही बघण्यासारखं आहे. लिनक्सच्या ग्लिबसी लायब्ररीत डीएनएस उत्तराची वाट बघण्याचा डिफॉल्ट वेळ ५ सेकंद आहे, मग पुढच्या नेमसर्व्हरकडे जायचं, आणि अशा एकूण २ फेऱ्या. सर्व्हरवर गेटएंट कमांडने तोच पत्ता विचारला तर बरोब्बर पाच सेकंद थांबून उत्तर आलं. शून्यवाला पत्ता आता या घरच्या सबनेटमध्ये म्हणजे पत्त्यांच्या गटात नाही, त्यामुळे ते पॅकेट डिफॉल्ट गेटवेकडून म्हणजे राऊटरकडून बाहेर ढकललं जात होतं आणि बाहेर खाजगी पत्त्यांची पॅकेट कुणी पुढे नेत नाही, ती नुसती टाकून दिली जातात. "असा कुणी नाही" असं उत्तर आलं असतं तर सर्व्हर लगेच पुढे गेला असता, पण इथे नकारही मिळत नव्हता. आणि बाहेरची वायर काढल्यावर दुसरा नेमसर्व्हरही गप्प, म्हणून थांबणं वाढलं. सगळं जुळलं.

दुसरी गोष्ट त्याहून जुनी निघाली. डीएनएसचं झाल्यावर सर्व्हर उलटा लॅपटॉपच्या ११३ पोर्टवर कनेक्ट करायचा प्रयत्न करत होता. ११३ म्हणजे आयडेंट, १९९३ च्या आरएफसी १४१३ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजातला प्रोटोकॉल. त्या काळी एका मोठ्या युनिक्स मशीनवर अनेक जण लॉगिन असायचे, तेव्हा समोरच्या मशीनला विचारायचं की हे कनेक्शन तुझ्याकडच्या कोणत्या युजरने उघडलं, आणि ते लॉगमध्ये लिहून ठेवायचं. आज एका माणसाच्या लॅपटॉपला हे विचारण्यात काही अर्थ उरलेला नाही. फोनवर ११३ वर कुणी ऐकत नाही, त्याने लगेच नकाराचं पॅकेट पाठवलं आणि सर्व्हर पुढे सरकला. लॅपटॉपच्या फायरवॉलने मात्र ते पॅकेट चुपचाप गिळलं, नाही म्हटलं नाही की हो म्हटलं नाही. मग सर्व्हरने परत एक सेकंदाने विचारलं, मग दोन सेकंद थांबून, मग चार सेकंद थांबून, दर वेळी दुप्पट, कर्नलचा नियमच तसा आहे. डम्पमध्ये एकाच पोर्टला जाणारं एकच पॅकेट असं वाढत्या अंतराने परत परत दिसलं की समजावं समोर ड्रॉप करणारी फायरवॉल आहे. वायफायवरचा फोन लवकर आणि केबलवरचा लॅपटॉप उशिरा, हे कोडं इथे सुटलं.

आता थंडरबर्डचं एक. ते आयमॅपसाठी एका अकाउंटला डिफॉल्टने ५ कनेक्शन धरून ठेवतं, फोल्डर बदलला की कधी कधी नवीन कनेक्शन उघडतं, आणि प्रत्येक नव्या कनेक्शनला हीच दोन प्रश्नांची शिक्षा. म्हणून लॅपटॉपवर एकदा थांबून भागत नव्हतं, फोल्डर बदलला की परत. भरीस भर या जुन्या कॉन्फिगमध्ये एका पत्त्यावरून जास्तीत जास्त ४ कनेक्शन अशी मर्यादा होती, मॅक्सपरआयपी नावाची, म्हणजे पाचवं कनेक्शन सरळ नाकारलं जायचं आणि थंडरबर्ड मध्येच एरर दाखवायचं ज्याचा या सगळ्याशी संबंध आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं. ती मर्यादा २० केली. पॉप३ वाल्या डेस्कटॉपचं दुखणं याच जातीचं, पॉप३ कनेक्शन धरून ठेवत नाही, दर काही मिनिटांनी नवीन उघडतं, म्हणजे दिवसभर दर वेळी थांबणं.

दुरुस्ती छोटी आहे पण दोन्हीकडे करावी असं माझं ठाम मत आहे. कुरियरच्या कॉन्फिगमध्ये टीसीपीडीऑप्ट्स नावाची ओळ असते, त्यात नोडीएनएसलुकअप आणि नोआयडेंटलुकअप असे दोन पर्याय असतात. कुरियरसोबत येणाऱ्या फाइलमध्ये ते दिलेलेच असतात, इथल्या वर्षानुवर्षं कॉपी होत आलेल्या फाइलमध्ये मात्र ती ओळ रिकामी होती. दोन्ही पर्याय टाकले, आयमॅपच्या फाइलमध्ये आणि पॉप३ ची फाइल वेगळी असते म्हणून तिथेही, आणि सर्व्हिस रीस्टार्ट केल्या. एवढ्यानेच मेल लगेच जोडली जायला लागली असती. पण मेलेला नेमसर्व्हर तसाच ठेवला असता तर फेचमेल, अपडेट, वेळ सिंक करणारा प्रोग्रॅम, सगळे दर वेळी पाच सेकंद थांबतच राहिले असते. म्हणून सर्व्हरवरच डीएनएसमास्क हा छोटा डीएनएस सर्व्हर बसवला, घरातल्या मशीनची नावं त्याला दिली, डोमेन म्हणून होम डॉट आर्पा वापरलं जे २०१८ मध्ये खास घरगुती नेटवर्कसाठी राखून ठेवलंय, आणि रिझॉल्व्ह कॉन्फमध्ये त्याचाच पत्ता टाकला. आता पत्त्यावरून नाव विचारलं तर उत्तर घरातच मिळतं, बाहेरचं नेट असो वा नसो. लॅपटॉपच्या फायरवॉलमध्ये ११३ साठी, फक्त घरच्या नेटवर्कपुरतं, ड्रॉपच्या जागी रिजेक्ट केलं, पोर्ट उघडलं नाही, नुसतं नीट नाही म्हणायला लावलं.

परत टेलनेट केलं, कनेक्टेड आणि ओके एकदमच आले. छोटी मेल क्लिक केली की समोर.

मित्र खूश होऊन उठायला लागला पण मोठी मेल अजून बाकी होती. चाचणीसाठी घेतलेली अटॅचमेंट १५ एमबीची. मेलमध्ये फाइल जाते ती बेस६४ करून, त्यात आकार साधारण एक तृतीयांशाने वाढतो, म्हणजे तारेवरून २० एमबीच्या थोडं वर. १०० मेगाबिटच्या लिंकवर सेकंदाला ११ एमबीच्या आसपास निघतात, तेव्हा दोन सेकंदांत काम व्हायला हवं होतं. ते काही मिनिटं चालू होतं, मध्येच थांबत, मध्येच उसळी मारत.

इथे मेलचा प्रोग्रॅम बाजूला ठेवून नुसता रस्ता मोजायचा, त्यासाठी आयपर्फ३ सारखं दुसरं चांगलं काही नाही. लॅपटॉप आणि घरातला दुसरा डेस्कटॉप यांच्यात मोजलं, भरपूर स्पीड. सर्व्हर आणि लॅपटॉपमध्ये मोजलं तर सेकंदाला जेमतेम दोन-तीन मेगाबिट आणि रीट्रान्समिटच्या (परत पाठवाव्या लागलेल्या पॅकेटच्या) कॉलममध्ये आकडे धडाधड वाढतायत. म्हणजे स्विच ठीक, लॅपटॉपची केबल ठीक, दोष सर्व्हर आणि स्विचच्या मधल्या तुकड्यात. आणि पिंग मात्र मस्त, एक मिलिसेकंदाच्या आत, एकही पॅकेट गहाळ नाही! पिंग चांगला आहे म्हणून नेटवर्क चांगलं आहे असं धरून चालणारे इथेच फसतात. पिंग एक छोटं पॅकेट पाठवतं, उत्तर येईपर्यंत थांबतं, दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलायची वेळच येत नाही.

आणि आजार नेमका दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलण्याचाच होता. सर्व्हरवर नेटवर्क कार्डची सेटिंग दाखवणारं ईथटूल चालवलं: स्पीड १००, डुप्लेक्स फुल (दोन्ही बाजू एकाच वेळी बोलू शकतात, हाफमध्ये एका वेळी एकच), ऑटो-निगोसिएशन (दोन्ही टोकांनी हे आपसात ठरवणं) ऑफ. ऑफ! नेटवर्क इंटरफेसच्या फाइलमध्ये कधीकाळी कुणीतरी जुन्या स्विचसाठी कार्ड १०० फुलवर पक्कं करून ठेवलेलं होतं. नवीन साधा स्विच ऑटोवर असतो, त्याची सेटिंग बदलताही येत नाही. एक बाजू ऑटो आणि दुसरी पक्की असली की ऑटोवाली बाजू सिग्नलवरून स्पीड ओळखू शकते पण समोरचा फुल डुप्लेक्स आहे की हाफ हे तिला कळायचा मार्गच नसतो, अशा वेळी स्टँडर्डप्रमाणे ती हाफ धरते. मग सर्व्हर समजतो की मी केव्हाही बोलू शकतो आणि स्विच समजतो की एका वेळी एकच बोलणार, दोघं एकदम बोलले की स्विच त्याला टक्कर मानून आपलं बोलणं अर्धवट सोडतो. मेल डाउनलोड होताना सर्व्हरकडून डेटा येतो आणि उलट दिशेने मिळाल्याच्या पावत्या जात असतात, म्हणजे टक्कर सतत होणारच. सर्व्हरच्या कार्डवर सीआरसी एररचा, म्हणजे बिघडून आलेल्या फ्रेमचा (डेटाच्या तुकड्यांचा) काउंटर आमच्या डोळ्यांसमोर वाढत होता, त्या स्विचच्या अर्धवट सोडलेल्या फ्रेम होत्या. हरवलेलं सगळं टीसीपी परत पाठवतं आणि दर वेळी स्पीड कमी करतं, म्हणून मेल शेवटी पूर्ण यायची, तुटायची नाही. मेल तुटली असती तर कदाचित हे आधीच कुणीतरी शोधलं असतं.

फाइलमधली ती ओळ काढली आणि ऑटो चालू केलं. लिंक आली फुल डुप्लेक्सवर, पण १०० वरच, कार्ड आणि स्विच दोन्ही गिगाबिटचे असून. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात, त्यामुळे जुन्या केबलमध्ये एखादी जोडी गेली तरी १०० वर ती बिनबोभाट चालत राहते. केबल बदलली, लिंक १००० वर गेली. तीच अटॅचमेंटवाली मेल आता क्लिक केल्यावर उघडते, थांबल्याचं जाणवत नाही.

मग सर्व्हर रीबूट करून सगळं परत बघितलं, कारण हाताने दिलेल्या कमांड रीबूटनंतर उडतात आणि रिझॉल्व्ह कॉन्फ तर बऱ्याच डिस्ट्रोमध्ये दुसरा प्रोग्रॅम परत लिहून टाकतो. टीसीपीडम्पमध्ये ११३ नाही, जुन्या पत्त्याला एकही प्रश्न नाही, सीआरसी काउंटर स्थिर. बाहेरची वायर काढून परत मेल उघडली, तसूभर फरक नाही. माझ्या मते हीच खरी परीक्षा.

डेस्कटॉपच्या पॉप३ मध्ये एक गोष्ट उरली. त्याची सेटिंग "मेल सर्व्हरवर ठेवा" अशी, आणि इनबॉक्समध्ये वर्षानुवर्षांच्या मेल. अशा वेळी क्लायंट दर वेळी सगळ्या मेलची ओळखपत्रांची यादी मागवून नवीन कोणती ते ताडून बघतो, यादी जितकी लांब तितका वेळ. तो डेस्कटॉपही आयमॅपवर आणला, पॉप३ सर्व्हिस बंद केली.

ज्यांच्याकडे कुरियर नाही, डोव्हकॉट (मेल वाचायला देणारा सर्व्हर) आणि पोस्टफिक्स (मेल पाठवणारा-स्वीकारणारा सर्व्हर) आहे, त्यांना सुरुवातीच्या थांबण्याचं कारण थोडं वेगळीकडे सापडेल. डोव्हकॉट स्वतःहून असं आयडेंट किंवा रिव्हर्स लुकअप करत नाही, तिथे ओके लगेच येऊन लॉगिनला उशीर होत असेल तर पासवर्ड ज्याच्याकडून तपासला जातो तिकडे बघा, पॅम (लिनक्सची लॉगिन तपासणारी व्यवस्था) असो वा डेटाबेस, तो दुसऱ्या मशीनवर असेल तर तेच नेमसर्व्हरचं दुखणं तिथून येतं. दर वेळी ठराविक दोन सेकंद लागत असतील तर लॉगमध्ये फेल झालेलं लॉगिन शोधा, चुकीच्या पासवर्डनंतर डोव्हकॉट मुद्दाम २ सेकंद थांबतं, आणि एखादं जुनं सेव्ह केलेलं अकाउंट दिवसभर चुकीचा पासवर्ड ठोकत बसलेलं असू शकतं. पोस्टफिक्स मात्र प्रत्येक येणाऱ्या कनेक्शनचं रिव्हर्स लुकअप करतं, त्यामुळे मेल वाचताना काही नाही पण पाठवताना पाच-दहा सेकंद अडकते असं असेल तर आधी रिझॉल्व्ह कॉन्फ उघडा आणि त्यातला प्रत्येक पत्ता आज जिवंत आहे का ते डिग या डीएनएसला प्रश्न विचारायच्या कमांडने एकेक करून विचारा.